सोळा नंबर

शाळेत नवीन आलेल्या कॅडेटला पहिल्या आठवड्यात सगळ्यात जास्त वेळा विचारला जाणारा प्रश्न म्हणजे, "कुठला रे तू?" कोणी सांगलीचा असतो, कोणी लातूरचा, कोणी अमरावतीचा. त्यांचे उत्तर एका शब्दात संपते. मी "जबलपूर" म्हटले की लगेच दुसरा प्रश्न येतो, "मग तुला मराठी कसं येतं?" म्हणून आधी तेच सांगून टाकतो.

आमचे घर जबलपूरच्या घमापूर भागात आहे. तिथल्या दुकानांच्या पाट्यांवर हिंदीत 'घमापुर' असे ऱ्हस्व असते, माझ्या मराठीच्या वहीत ते दीर्घ असते. आजूबाजूला कांचघर, लालमाटी, शीतलामाई, सिद्धबाबा अशा वस्त्या आहेत. चौकातून एक रस्ता सतपुल्याकडे आणि पुढे गन कॅरेज फॅक्टरीकडे जातो. ही तोफांचे गाडे बनवणारी फॅक्टरी १९०४ साली सुरू झाली. आता तिथे 'धनुष' ही तोफ तयार होते. माझे पणजोबा नागपूरजवळच्या एका खेड्यातून या फॅक्टरीत कामाला आले आणि तिथलेच झाले. तेव्हा नागपूर आणि जबलपूर एकाच प्रांतात होते. १९५६ साली राज्यांची पुनर्रचना झाली आणि दोन्ही शहरे वेगवेगळ्या राज्यांत गेली. आम्ही मात्र होतो तिथेच राहिलो. घरात मराठी, दाराबाहेर हिंदी. जबलपूरची हिंदीही अशी की मित्र भेटला की "काए बड्डे!" म्हणतात. त्यामुळे आमचा 'काय' दाराबाहेरही फारसा बदलत नाही.

जबलपूर तसे हॉकीचे शहर. १९३२ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये अमेरिकेविरुद्ध एकट्याने दहा गोल करणारे कॅप्टन रूपसिंग जबलपूरलाच जन्मले. मेजर ध्यानचंद यांचे ते धाकटे भाऊ. आमच्या गल्लीत मात्र फुटबॉल होता, आणि त्याला कारण होता माझा दादा.

दादा म्हणजे मोठ्या काकांचा मुलगा. तो माझ्यापेक्षा अकरा वर्षांनी मोठा. मी तिसरीत होतो तेव्हा तो कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला होता आणि कॉलेजच्या फुटबॉल संघात डाव्या बगलेवर खेळत असे. रोज संध्याकाळी तो लाल मातीने भरलेली जर्सी घेऊन घरी यायचा. आजी ती बादलीत भिजवायची, आणि पाण्याचा रंग बघून किती खेळला ते सांगायची. पाणी चहासारखे झाले तर, "आज जोरात झालेलं दिसतंय." फिक्के राहिले तर, "आज सर आले नव्हते वाटतं." आजीला फुटबॉलमधले काहीही कळत नव्हते. तिचा अंदाज मात्र क्वचितच चुकायचा.

त्या वर्षी दादाचे कॉलेज विद्यापीठाच्या आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेच्या अंतिम फेरीत पोहोचले. उपांत्य सामन्यात दादा शेवटची वीस मिनिटे बदली खेळाडू म्हणून उतरला होता, आणि त्याच्याच पासवर विजयाचा गोल झाला होता. ही बातमी काकांनी फॅक्टरीत सगळ्यांना सांगितली. अंतिम सामना राइट टाउनच्या पंडित रविशंकर शुक्ल स्टेडियमवर होता. काकांनी अर्ध्या दिवसाची रजा टाकली. आत्या कटनीहून आली. तिच्याबरोबर तिची दोन मुलेही आली. शेजारचे काका-काकूही निघाले. मोजले तर आम्ही चौदा जण झालो. दोन ऑटो, काकांची स्कूटर आणि बाबांची सायकल अशी आमची वरात बेलबागवरून घंटाघराकडे आणि तिथून राइट टाउनला गेली. डिसेंबर होता. आजीने शाल घेतली होती, आणि डब्यात तिखट पुऱ्या. निघण्याआधी तिने मोरीत बादली ठेवली, शेजारी साबणाचा चुरा ठेवला. मी विचारले तर म्हणाली, "फायनल आहे ना? आज काय रंग येईल बघ."

मी त्याआधी कधी स्टेडियम पाहिले नव्हते. गल्लीत आमचा गोल म्हणजे दोन विटा. इथे खऱ्या जाळ्या होत्या, चुन्याच्या पांढऱ्या रेघा होत्या, कोपऱ्यांवर झेंडे होते. सिमेंटच्या पायऱ्यांवर एका बाजूला दादाच्या कॉलेजची मुले, दुसऱ्या बाजूला समोरच्या कॉलेजची. दोन्हीकडे ढोल. किती माणसे होती ते आठ वर्षांच्या मुलाला काय सांगता येणार? मला एवढेच आठवते की "जीतेगा भई जीतेगा" सुरू झाले की माझ्या पोटात ढोल वाजल्यासारखे वाटायचे. फल्लीवाला पायऱ्यांवरून वर-खाली करत होता. फल्ली म्हणजे भुईमुगाच्या शेंगा. इथे मी मेसमध्ये फल्ली म्हणालो की अजूनही हसतात.

दोन्ही संघ मैदानात आले. दादाचा संघ पिवळ्या जर्सीत, समोरचा निळ्या. आम्ही सगळे उभे राहून दादाला शोधू लागलो. अकरा जण रांगेत उभे होते. त्यांत दादा नव्हता.

"तो तिकडे," बाबा म्हणाले. मैदानाच्या कडेला एक लांब बाक होता. त्यावर जॅकेट घातलेली सात मुले बसली होती. डावीकडून चौथा दादा. पाठीवर सोळा नंबर.

"बसलाय का तो?" आजीने विचारले.

"राखीव आहे, आई. नंतर उतरेल," काका म्हणाले.

"बरं. तोवर पाणीबिणी पिऊन घेईल," आजी म्हणाली आणि तिने पुऱ्यांचा डबा उघडला.

सामना मी दोन्हीकडे पाहिला. थोडा मैदानावर, थोडा बाकावर. निळ्या संघाने पहिल्या पंधरा मिनिटांतच गोल केला. आमच्या बाजूचे ढोल गप्प झाले. मग पिवळ्या संघाला कॉर्नर मिळाला, गोलसमोर खूप गर्दी झाली आणि चेंडू कुणाच्या तरी गुडघ्याला लागून आत गेला. एक-एक. मी इतका ओरडलो की रात्री घसा बसला. त्या क्षणी बाकावरची सातही मुले उडी मारून उठली, एकमेकांच्या गळ्यात पडली आणि मग सरांनी हात केल्यावर परत बसली. मला ते विचित्र वाटले. गोल केला नाही, मग एवढा आनंद कसला?

मध्यंतरात मैदानावरचे अकरा जण सरांभोवती बसले. बाकावरची मुले मात्र चेंडू घेऊन मैदानात धावली. दादाने दुसऱ्या गोलरक्षकाला गोलमध्ये उभे केले आणि एकामागून एक पेनल्टी मारायला सुरुवात केली. एक उजवीकडे, एक डावीकडे, एक सरळ. तो गोलरक्षक पडायचा, उठायचा, चेंडू परत फेकायचा. पायऱ्यांवरची माणसे तेव्हा चहा पीत होती. त्या दोघांकडे कोणाचे लक्ष नव्हते. मी बघत होतो, कारण संपूर्ण दुपारभरात दादाच्या पायात चेंडू मला तेवढाच दिसला. मी प्रत्येक फटक्याला टाळ्या वाजवल्या. आत्याच्या मुलाने मला गप्प केले, "ही मॅच नाहीये रे."

दुसऱ्या डावात सरांनी आधी एक बदल केला. सोळा नंबर नाही. मग वीसेक मिनिटांनी दुसरा. तोही सोळा नंबर नाही. तेव्हा एका सामन्यात तीनच बदली खेळाडू उतरवता यायचे. काका बोटे मोजत होते. "आता एकच राहिला," ते म्हणाले. दादा मैदानाच्या कडेने धावत होता. झेंड्यापर्यंत जायचे, वळायचे, गुडघे वर उचलत परत यायचे. सरांनी बोलावले की बाकाकडे, खूण केली की परत धाव. असे किती वेळा झाले ते मी मोजले होते. पाच वेळा.

शेवटची दहा मिनिटे राहिली असतील. सरांनी दादाला हाक मारली. त्याने जॅकेट काढले, मोजे वर ओढले, शिन गार्ड नीट केले. सर त्याच्या खांद्यावर हात ठेवून काहीतरी सांगत होते आणि तो मान हलवत होता. मग तो रेषेवर येऊन उभा राहिला. एका मुलाने नंबरांची पाटी हातात घेतली. आम्ही चौदाही जण उभे. काका ओरडत होते, आत्याने माझा हात इतका घट्ट धरला होता की तिच्या बांगड्या रुतत होत्या. आता फक्त चेंडू रेषेबाहेर जायची वाट होती. खेळ थांबल्याशिवाय बदल करता येत नाही.

चेंडू बाहेर गेला नाही. तो निळ्या संघाच्या आघाडीच्या खेळाडूकडे गेला, तो एकटा गोलकडे सुटला, आणि आमचा गोलरक्षक त्याच्या पायात झेपावला. चेंडू वाचला. गोलरक्षक उठला नाही. पंचांनी शिटी वाजवली. स्ट्रेचर आले. त्याच्या खांद्याला मार बसला होता.

सरांनी बाकाकडे पाहिले. मग दादाकडे. दादा काही न बोलता दोन पावले मागे आला. त्याने स्वतःच्या हाताने राखीव गोलरक्षकाचे जॅकेट ओढून काढले, त्याचे ग्लोव्ह्ज त्याच्या हातात दिले आणि पाठीवर थाप मारली. तिसरा बदल झाला. दादा परत बाकावर जाऊन बसला. डावीकडून चौथा.

"काय झालं?" आजी विचारत होती. कोणीच उत्तर देईना. शेवटी मीच म्हणालो, "आजी, तो आता नाही येणार."

सामना एक-एक असा संपला आणि पेनल्टी शूटआउट आला. नियम असा की सामना संपताना जे मैदानावर असतात, त्यांनाच पेनल्टी मारता येते. गल्लीत दादासारखी पेनल्टी कोणी मारत नसे. तरी तो इथे बाकावरच्या मुलांच्या खांद्यांत हात घालून रेषेच्या बाहेर उभा होता. त्या राखीव गोलरक्षकाने दोन फटके अडवले. दुसरा अडवला तेव्हा तो उठला, आणि संघाकडे धावण्याआधी त्याने ग्लोव्ह बाकाच्या दिशेने उंचावला. कॉलेज जिंकले. पायऱ्यांवरून मुले मैदानात घुसली. त्या गर्दीत एक सोळा नंबर कधी दिसायचा, कधी नाहीसा व्हायचा.

पदके अठराही जणांना मिळाली. फोटोत दादा मागच्या रांगेत अगदी टोकाला उभा आहे. अर्धा खांदा फ्रेमच्या बाहेर. दुसऱ्या दिवशी हिंदी वर्तमानपत्रात छोटी बातमी आली. त्यात गोल करणाऱ्याचे आणि गोलरक्षकाचे नाव होते. काकांनी ती वाचली, पेपर नीट घडी करून कपाटावर ठेवला आणि फॅक्टरीत निघून गेले.

परत येताना ऑटोत कोणी फारसे बोलत नव्हते. आत्या म्हणाली, "सरांनी आधीच उतरवायला हवं होतं. अन्याय आहे हा." दादा म्हणाला, "नाही आत्या. गोलकीपर पडल्यावर दुसरं काय करणार होते ते?" त्याचा आवाज नेहमीसारखा होता. मात्र तो बाहेर बघत होता आणि गळ्यातले पदक त्याने जर्सीच्या आत टाकले होते.

घरी आल्यावर त्याने जर्सी काढून आजीकडे दिली. आजीने ती दिव्याखाली धरली. पिवळी जर्सी सकाळी होती तशीच स्वच्छ. मातीचा एक डाग नाही. "आज धुवायला काही नाही रे," ती म्हणाली. तिने ते सहज म्हटले होते. तरी स्वयंपाकघरातून काकूंनी तिला खूण केली की गप्प बस.

दादा हसला. "धू, आजी. घामाची आहे."

आजीने जर्सी नाकाजवळ नेली. मग एक अक्षरही न बोलता बादलीत बुडवली.

हा प्रसंग मला इतकी वर्षे आठवत राहिला तो तेवढ्यामुळेच. मला वाटायचे की राखीव खेळाडू म्हणजे उरलेला खेळाडू. अकरा जण निवडून झाले की जे शिल्लक राहतात ते. दादाची जर्सी ओली होती हे मी डोळ्यांनी पाहिले, तेव्हा ते समीकरण कुठेतरी बिघडले. पण ते नीट सोडवता आले ते इथे आल्यावर.

आपल्या शाळेच्या ग्रंथालयात फुटबॉलवरची जी दोन-तीन पुस्तके आहेत ती मी वाचून काढली. १९६६ च्या विश्वचषकात पोर्तुगालविरुद्ध पेलेला इतके लाथाडले गेले की तो उरलेला वेळ लंगडत मैदानावर राहिला. तो बाहेर आला असता तर त्याच्या जागी कोणी येऊ शकत नव्हते. विश्वचषकात बदली खेळाडूला पहिल्यांदा परवानगी मिळाली ती १९७० साली, मेक्सिकोत. आपल्याकडचे उदाहरण तर त्याहून मोठे आहे. १९६२ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत बचावपटू जर्नेलसिंग यांच्या डोक्याला मार लागून टाके पडले होते. तरी अंतिम सामन्यात प्रशिक्षक रहीम यांनी त्यांना आघाडीला खेळवले, आणि दक्षिण कोरियाविरुद्धच्या आपल्या दोन गोलांपैकी एक त्यांनी केला. भारत २-१ असा जिंकला. हे वाचताना अंगावर काटा येतो. पण माझ्या मनात एक साधा विचारही येतो: त्या काळी बाकावर बसलेल्या मुलाला, कोणी जखमी झाले तरी, बहुधा बसूनच राहावे लागत असणार. खेळाला राखीव माणसाची किंमत कळायला बराच वेळ लागला. आज तर नियमानुसार एका सामन्यात पाच जण उतरवता येतात. दादाच्या वेळी हा नियम असता तर, असे मी काही दिवस म्हणत असे. दादाला सांगितले तर तो म्हणाला, "तर मग समोरच्यांनाही पाच मिळाले असते."

सैन्याला मात्र ही गोष्ट फार पूर्वीपासून माहीत आहे. इतिहासाच्या तासाला सरांनी पानिपत शिकवले. १४ जानेवारी १७६१. दुपारपर्यंत मराठ्यांनी बाजू लावून धरली होती. मग अब्दालीने राखून ठेवलेली ताज्या दमाची फौज मैदानात आणली. आपल्याकडे तशी फौज उरलेली नव्हती. सकाळपासून उपाशीपोटी लढणारे तेच लोक, तेच घोडे. सरांनी फळ्यावर 'राखीव' हा शब्द लिहून त्याच्याभोवती गोल काढला आणि म्हणाले, "सेनापती आपली राखीव फौज शेवटपर्यंत जपतो, कारण तिचा उपयोग कधी होईल ते त्यालाही ठाऊक नसतं." वर्गात सगळे वहीत लिहून घेत होते. मला फळ्यावर सोळा नंबर दिसत होता.

या वर्षी मी आमच्या हाउसच्या सीनियर फुटबॉल संघात निवडला गेलो. निवडला गेलो म्हणजे राखीव म्हणून. ही यादी नोटीस बोर्डावर लागली तेव्हा मला वाईट वाटले, हे खोटे कशाला सांगू? रात्री प्रेपला बसलो तरी गणिताच्या पानावर अकरा नावे दिसत होती. दुसऱ्या दिवशी पीटीनंतर मात्र मी ठरवले की बाकावर बसून काय करता येते ते तरी बघू.

बरेच काही करता येते. पहिल्या सामन्यात मी समोरच्या संघाचा उजवा बचावपटू बघत बसलो. तो प्रत्येक वेळी आतल्या बाजूलाच वळायचा, बाहेरून कोणी गेले की त्याला फिरायला उशीर व्हायचा. मैदानावर धावणाऱ्याला हे दिसत नाही, त्याला धापा टाकायच्या असतात. मध्यंतरात मी कॅप्टनला सांगितले. त्याने ऐकले. पाण्याच्या बाटल्या भरणे, कोणाची लेस सुटली ते बघणे, ज्याला पेटका आला त्याचा पाय ताणून देणे, ही कामे छोटी आहेत. पण ती कोणीतरी करावी लागतात, आणि नीट केली नाहीत तर लगेच कळते. मध्यंतरात आमच्या राखीव गोलरक्षकाला मी दहा पेनल्टी मारल्या. तेव्हा मला राइट टाउनचे ते मैदान आठवले, चहा पिणारी माणसे आठवली. दादाच्या त्या फटक्यांमुळे त्या दिवशी कॉलेज जिंकले असे मी म्हणणार नाही. तसे सिद्ध करता येणार नाही, आणि दादाने तर ते कधीच म्हटले नाही. पण त्या गोलरक्षकाने ग्लोव्ह कोणाकडे बघून उंचावला, ते मला आता कळते.

पहिल्या दोन सामन्यांत मी उतरलो नाही. तिसऱ्यात शेवटची बारा मिनिटे उतरलो. चेंडूला माझा पाय चार वेळा लागला, त्यातला एक फटका थेट मैदानाबाहेर गेला. आम्ही तो सामना दोन-शून्य असा जिंकलो. दोन्ही गोल मी उतरण्याआधीच झाले होते.

वाचणाऱ्या ज्युनियर कॅडेट्सना वाटेल की मग दादाला पुढे मोठे यश मिळाले असेल. तसे काही झाले नाही. पुढच्या वर्षी तो पहिल्या अकरात होता. त्याचा संघ दुसऱ्याच फेरीत हरला. तो सामना बघायला घरातून कोणी गेले नव्हते. कॉलेज संपले, तो रेल्वेत नोकरीला लागला. आता रविवारी सकाळी गल्लीतल्या मुलांना फुटबॉल शिकवतो. पंधरा-सोळा मुले येतात. तो सगळ्यांना आळीपाळीने बाहेर बसवतो, सगळ्यात चांगल्या मुलालाही. काही आई-वडिलांना ते आवडत नाही. पदक आमच्या देवघराच्या खालच्या फळीवर आहे. काका आता पाहुण्यांना ते दाखवतात आणि फायनलची गोष्ट सांगतात. त्यांच्या गोष्टीत गोलरक्षक पडतो तो भाग फार रंगतो.

तिसऱ्या सामन्यानंतरच्या रविवारी मी घरी फोन केला. दादाने किती मिनिटे खेळलास हे विचारले नाही. त्याने विचारले, "आधीच्या दोन मॅचमध्ये वॉर्म-अप किती वेळा केलास?"

"पहिल्यात चार वेळा, दुसऱ्यात सहा."

"सहा? माझा रेकॉर्ड मोडलास की," तो म्हणाला. मला वाटले होते की तो आकडा फक्त मीच मोजला होता.

मग आजीने फोन घेतला. तिला आता कमी ऐकू येते, म्हणून ती ओरडून बोलते आणि रांगेतल्या सगळ्यांना ऐकू जाते. "जर्सी कोण धुतं रे तिथं?"

"मीच धुतो, आजी."

"पाण्याला रंग आला का?"

"थोडासा."

"असू दे," आजी म्हणाली. "पुन्हा भिजवायची आहेच." माझ्या मागे सातवीतला एक कॅडेट घड्याळाकडे बघत उभा होता. रविवारी फोनला दहाच मिनिटे मिळतात. मी आजीला नमस्कार सांगितला आणि फोन त्याच्या हातात दिला.